कपाटातली जनावरं

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाटासमोर उकिडवे बसले आणि बैलाचं शिंग नखानं हलकेच खरवडून पाहिलं.

"हे काय लावलंयस?"

"नेलपॉलिश," मी म्हटलं.

त्या दिवशी माझ्या लग्नाला तीन महिने चार दिवस झाले होते, आणि सासऱ्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मनात म्हटलं, कुंदाबाई, पहिलं आणि शेवटचं. बॅग कॉटखालीच आहे, शोधायला लांब जायला नको.

बैल माझ्या मधल्या बोटाएवढा होता. पाटावर तसे दोन होते. दोघांच्या पाठीवर माझ्या ब्लाउजपीसच्या तुकड्यांची झूल, कपाळाला हळदकुंकू, तोंडाला पुरण आणि शिंगं लालभडक. माझ्या मते छान दिसत होते.

हे कसं झालं ते मीच सांगते. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं आमच्या घरात ही गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं सांगितली आहे आणि माझी बाजू कोणी धड मांडलेली नाही.

मी वर्ध्याकडची, पुलगावची. दिलं ते थेट विट्याला. इकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई, हे मला हळद लागल्यावर कळलं. आमचे हे पुण्याला कंपनीत होते, शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी संध्याकाळी जायचे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी जाताना मला म्हणाले, "आई बोलेल ते मनावर घेऊ नकोस. आबा बोलणार नाहीत, तेही घेऊ नकोस. आणि कपाटाला हात लावू नकोस."

कपाट बाहेरच्या खोलीत होतं. काचेच्या दारांचं, चार फळ्यांचं. आत जनावरं. गाई, म्हशी, बैल, शेळ्या, मेंढ्या, दोन घोडे, एक गाढव, तीन कुत्री आणि एक हत्ती. पंच्याऐंशी. पहिल्या आठवड्यात मला दुसरं काही कामच नव्हतं, म्हणून मोजली. सगळी बोटाएवढी नाहीतर फार तर तळहाताएवढी, पण बघाल तर अंगावर काटा येईल इतकी खरी. म्हशीच्या पाठीवरचा वाळका चिखल, गाईच्या आचळावरची शीर, बैलाच्या मानेवर जू घासून पडलेला घट्टा. त्यांना खेळणी म्हटलेलं मामांना चालत नसे. जनावरं म्हणायचं.

मामा जनावरांच्या खात्यात एकतीस वर्षं होते. लोक त्यांना गुरांचे डॉक्टर म्हणायचे आणि ते प्रत्येकाला "डॉक्टर नव्हे, पर्यवेक्षक" असं सांगून दुरुस्त करायचे. बोलणं तेवढंच. लसीच्या बाटल्या ठेवायचा त्यांचा बर्फाचा डबा कपाटाखाली गंजत पडला होता. तोही टाकायचा नाही. सकाळी चहा झाला की मामा कपाट उघडायचे, दाढीच्या जुन्या ब्रशनं एकेका जनावरावरची धूळ झाडायचे आणि प्रत्येकाकडे थोडा वेळ बघायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत.

मुंबईचे एक पारशी गृहस्थ त्यांना पार्सलं पाठवायचे. त्यांनाही हाच नाद, फक्त ते वाघसिंहांवाले. दोघांची पत्रं चालायची. त्यांनी एकदा प्रेमानं जिराफ पाठवला. मामांनी तो परतीच्या टपालानं साभार पाठवला, सोबत चिठ्ठी : 'आमच्या तालुक्यात नाही.'

हत्ती तरी कुठे होता तालुक्यात? पण विचारणार कोण?

आणि एक गोष्ट तर मला अजिबातच कळत नव्हती. मी आल्यावर महिन्याभरात एक गाय आली, शहाऐंशीवी. विलायती, सुरेख, नाकडोळी नीटस. मामांनी तिला खिडकीत उजेडात धरलं, दाढीचं पातं घेतलं आणि तिचा डावा कान अर्धा कापून टाकला. मग एम-सील मळून तिच्या पाठीवर वशिंड चढवलं, रंग दिला, आणि शेवटी कानसीनं एक शिंग अर्ध्यात उतरवलं. आठ दिवस हे चाललं होतं. नवं कोरं जनावर आणायचं आणि मोडायचं!

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आत्याबाई, असं का करून राहिले ते?"

"करून राहिले म्हणं!" आत्याबाईंना माझी भाषा म्हणजे रोजची करमणूक होती. "कुठं राहून राहिले गं? तुझ्या सासऱ्यालाच विचार की."

"तुम्ही नाही विचारलं कधी?"

"विचारलं की. ब्याऐंशी साली. अजून उत्तर यायचंय."

आता कपाटाची धास्ती का, तेही सांगते. माझी मोठी जाऊ शैलावहिनी. तिची पोरगी अकरा महिन्यांची असताना एकदा रडून रडून काळीनिळी झाली, म्हणून वहिनीनं कपाटातली शेळी तिच्या हातात दिली. पोरगीच ती. तिनं शेळी तोंडात घातली आणि पाय मोडला. शेळीचा. मामा एवढंच म्हणाले, "उद्यापासनं तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या दिवशी दीर बिऱ्हाड घेऊन शिक्षक कॉलनीत गेले. दहा मिनिटांची वाट, पण चार वर्षांत मामा तिकडे गेले नाहीत की ते इकडे आले नाहीत. आत्याबाई तेवढ्या पदराखाली भाजीची वाटी घेऊन गुपचूप जाऊन यायच्या. मामांना ते ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्याचं आत्याबाईंना ठाऊक होतं.

मला ते घर सोडायचं नव्हतं. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली, आणि माहेर म्हणजे भावजयीचा संसार, तिथे मी पाहुणी. इथे आत्याबाई टोचून बोलायच्या, पण माझ्या ताटात भाकरी आधी वाढायच्या. मला त्या आवडायला लागल्या होत्या. मामा आवडायला त्यांनी काही वावच ठेवला नव्हता, पण सकाळी त्या ब्रशचा सरसर आवाज आला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं.

आषाढात बेंदूर आला. पोळ्यासारखाच बैलांचा सण, पण इकडे तो आधी येतो. नेमकं त्याच आठवड्यात आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. मामा सोबत गेले. मी एकटी घरी. बेंदराच्या आदल्या दिवशी शेजारच्या लीलाकाकूंकडे फोन आला.

"पुरण घाल," आत्याबाई ओरडून सांगत होत्या. "आणि बैल पूज. बैलाबिगर बेंदूर करायचा नसतो. माझ्या डोळ्याची पट्टी अजून निघायचीय, ध्यानात ठेव."

म्हणजे पूजा चुकली तर डोळ्याचं खापरही माझ्याच माथी. मी हो म्हटलं.

आता खरी मेख इथे आहे. इकडे बेंदराला कुंभार घरोघर मातीची बैलजोडी आणून देतो. ती पुजतात. दरवर्षी नवी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण इथल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्या वर्षी कुंभाराच्या घरी सुतक होतं, तो आला नाही. आला असता तर मला कळलं तरी असतं. आणि आमच्याकडे, वर्ध्या-नागपूरला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल. ते वर्षभर कपाटात असतात, सणाला काढायचे, धुवायचे, रंगवायचे, सजवायचे, पुजायचे, परत कपाटात. आमच्या घरचा सागवानी बैल माझ्या बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तेव्हा बैल कुठले आणायचे, असं मी आत्याबाईंना विचारलंच नाही. बैल कुठे असतात? कपाटात असतात.

तरी हात लावू नकोस हे डोक्यात होतंच. रात्रभर तळमळले म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी पुरण शिजत असताना मी बराच विचार केला. मग म्हटलं, देवासाठी लावलेला हात हा काही हात लावणं नव्हे. सोवळ्यानं काढू, पुजू, उद्या ते यायच्या आत जागच्या जागी ठेवू. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला होती.

सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मधोमध, ती जोडी होती. पांढरीशुभ्र खिलारं, लांब शिंगांची. बाकी कोणापुढे नव्हती एवढी जागा त्यांच्यापुढे मोकळी सोडलेली. मला वाटलं, बघ, पूजेचेच आहेत. खांद्यांना तूपहळद चोळताना मी एकाला उलटा केला, तर पोटाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं : 'सर्जा. ना. बाबर. ८१.' दुसऱ्याच्या पोटाखाली 'राजा', पुढे तेच. म्हटलं, बाबर नावाच्या कारागिरानं केलेले दिसतात. हात चांगला होता त्याचा.

आमच्याकडे शिंगं रंगवल्याशिवाय बैल पाटावर बसत नाही. घरात रंग नव्हता. माझ्या रुखवतातली नेलपॉलिशची बाटली होती, एकदाही न उघडलेली. लावणार कुठे? भांडी घासताना?

दुपारी अडीचला लीलाकाकू डोकावल्या. पाटाकडे बघून म्हणाल्या, "हे कुठले गं?"

"कपाटातले."

लीलाकाकूंनी एक पोळी घेतली आणि त्या निघून गेल्या. जाताना मात्र त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढतात तशी. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि तीन वाजता रिक्षा थांबली. डॉक्टरांनी आत्याबाईंना एक दिवस आधी सोडलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात पिशवी, मामांचा दंड धरून त्या आत आल्या. मामांची नजर आधी कपाटाकडे गेली, मग वरच्या फळीकडे, मग पाटाकडे.

पुढचं तुम्हाला सांगितलंच. नेलपॉलिशपर्यंत.

"काय झालं?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्याचा चष्मा पिशवीत होता. "गप का सगळी? कोण सांगंल का मला?"

"मी बैल पुजले, आत्याबाई," मी म्हटलं.

"बरं केलंस की. मग?"

"कपाटातले."

आत्याबाई जवळच्या खुर्चीवर मटकन बसल्या. "आगं माझे बाई," त्या म्हणाल्या. "गेली, ही पण गेली."

मी रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे कसं असतं, लाकडी बैल, कपाट, फोन, खिळा. "मला खरंच माहीत नव्हतं, मामा. मी पुसते, धुते, काही पण करते. पण मला जा म्हणू नका." लाजबीज सगळी सोडून मी हे म्हटलं. मला राहायचं होतं, तर ते बोलायला नको?

मामांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते दोन बैलांकडेच बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आता उचलणार. पण त्यांनी एक बैल डावीकडून उजवीकडे ठेवला आणि दुसरा त्याच्या जागी सरकवला.

"सर्जा उजवा," ते म्हणाले. "तो डाव्या अंगाला जू घ्यायचा नाही."

मी डोळे पुसायचं विसरले. "तुम्ही ओळखता या बैलांना?"

"नारायण बाबराचे. वाडीवरचा." मामा थांबले. त्यांना सवय नव्हती, एक वाक्य झालं की ते दम घेत होते. "घटसर्पाची लस द्यायची होती. अकरा मैल सायकल मारून गेलो. डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. बाटली कोमट. ती टोचून काही उपयोग नसतो. परत यायला पाहिजे होतं, दुसरी आणायला. परत अकरा मैल."

"मग?"

"टोचली तीच. बाबरानं चहा केला, प्यालो, आलो. आषाढ लागला आणि दोन्ही बैलांचे गळे सुजले. बेंदराच्या चार दिवस आधी गेले. एका रात्रीत."

बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगुरमाळा वाजत मारुतीच्या देवळाकडे चालल्या होत्या.

"त्या साली बाबराच्या दावणीला बेंदूर झाला नाही," मामा म्हणाले. "बाबरानं मला कधी विचारलं नाही. लस चांगली होती का म्हणून. उलट मी गेलो की चहा ठेवायचा."

मी कपाटाकडे पाहिलं. शहाऐंशी. अर्धा कान, मोडकं शिंग, मानेवरचा घट्टा. डोक्यात एकदम लख्ख झालं आणि मला ते नको होतं.

"ही सगळी?" मी विचारलं.

"सगळी. नुसत्या आजारानं गेली ती यात नाहीत, ती कुणाच्याही हातात नव्हती. ही माझ्या हातनं. कुठं उशिरा पोचलो, कुठं औषध चुकलं, कुठं कंटाळा केला." मग म्हणाले, "जशी होती तशी करायची. नाहीतर दुसऱ्याच जनावराकडं बघत बसल्यासारखं होतं."

"मी ब्याऐंशीत विचारलं होतं," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"आता सांगतोय."

"चवदा वर्षं लावलीत." आत्याबाईंच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि पट्टीला हात लावायचा नाही म्हणून त्या पदर दूर धरून बसल्या होत्या. "मी आपली म्हणत होते, म्हाताऱ्याला खेळण्यांचा नाद."

"खेळणी नव्हेत," मामा म्हणाले.

ते उठले. कपाटापाशी गेले. दार उघडंच होतं. मला वाटलं, आता बैल आत ठेवायला सांगतील. ते पाठमोरेच म्हणाले, "पोळ्या किती केल्यास?"

"अकरा."

"पुरायच्या नाहीत."

मला क्षणभर समजलं नाही. मग त्यांनी वरच्या फळीवरून एक म्हैस काढली आणि जमिनीवर ठेवली. मग गाय. मग ती नवी, अर्ध्या कानाची. एकेक ओळीनं. मी आत पळाले, हळदकुंकवाची कोयरी आणली आणि त्यांच्यामागे बसून कुंकू लावत सुटले.

"ही कुणाची?" आत्याबाई खुर्चीवरून विचारायच्या.

"सखाराम मेटकऱ्याची. अडली होती. वासरू आडवं."

"आणि हा?"

"हत्ती."

"ते दिसतंय मला एका डोळ्यानं. हत्ती कुठनं आणला तुम्ही मारायला?"

"सर्कस आलेली. पोट फुगलं होतं. मला हत्तीचं काही ठाऊक नव्हतं. घोड्याचं औषध चौपट दिलं."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मी तेव्हाही सांगू शकले नसते. मी मात्र हसले. मग हत्तीला कुंकू लावलं, जरा जास्तच लावलं.

तिसऱ्या फळीवरून शेळी निघाली. मागचा पाय मोडलेला, डिंकानं जोडलेला. मामा ती हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

"शहाऐंशी नैवेद्य म्हणजे रुपयाएवढ्या केल्या तरी शहाऐंशी पोळ्या," आत्याबाई कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "ही एकटी कुठवर लाटंल? माझं तर हे असं."

मामांनी शेळीचा जोडलेला पाय अंगठ्यानं चाचपून पाहिला.

"माणूस लागणार लाटायला," आत्याबाई म्हणाल्या.

"लागणारच," मामा म्हणाले. "लीलाला सांग, शैलाला निरोप धाड म्हणावं."

शैलावहिनी पंधरा मिनिटांत आली. लीलाकाकूंनी निरोपात काय सांगितलं कोण जाणे, पण ती येताना औषधाच्या दुकानातून ग्लुकोज घेऊन आली होती. बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडलेली जनावरं, मध्ये सासरे आणि कुंकवानं लाल झालेली मी. ती उंबऱ्यातच थबकली. तिच्या पदराला धरून पाच वर्षांची पोरगी.

मामांनी पोरीकडे पाहिलं. मग शेळी तिच्यापुढे धरली.

"ही आत्माराम गुरवाची शेळी," ते म्हणाले. "धर. पायाला नको धरू, पोटाखालून धर. पाय दुखतोय तिचा."

पोरीनं पोटाखालून धरली.

आम्ही दोघी जावांनी दिवेलागणीपर्यंत पोळ्या लाटल्या. वहिनी सारखी विचारत होती, झालं काय नक्की, आणि मी म्हणत होते, पुरण घट्ट आहे, पाणी लाव. सांगायला नंतर आयुष्य पडलं होतं. नैवेद्य झाल्यावर मामांनी एकेक जनावर ब्रशनं साफ करून कपाटात ठेवलं. कुंकू तेवढं राहू दिलं.

शेवटी पाटावर बैलजोडीच राहिली. मी चिंधी आणि रॉकेलची बाटली घेऊन आले.

"मामा, रॉकेलनं जाईल नेलपॉलिश. देता का, पुसते शिंगं."

त्यांनी बैल उचलले. सर्जा उजवीकडे, राजा डावीकडे, वरच्या फळीवर मधोमध ठेवले, आणि काचेचं दार लावून घेतलं.

"राहू दे, कुंदा," ते म्हणाले. "बाबर तांबडाच रंग लावायचा."